अँथनी वाइल्डिंग : चार वेळा विम्बल्डन जिंकलेला आणि युद्धावरून परत न आलेला खेळाडू



परिपाठात दिनविशेष सांगताना आपलं बहुतेक वेळा काय होतं, ते तुम्हालाही माहीत आहे. जन्मतारीख सांगायची, मृत्यूची तारीख सांगायची, मध्ये दोन ओळी टाकायच्या आणि सुविचाराकडे वळायचं. त्यातून माणूस युद्धात गेलेला असेल तर काम आणखी सोपं. त्याला वीरमरण आलं असं म्हटलं की मुलं टाळ्या वाजवतात. पण तो माणूस होता कसा, हे मुलांना कळलेलं नसतं. खरं सांगायचं तर आपल्यालाही ते माहीत नसतं.

शेलूला वर्गात टेनिस हा खेळ शिकवायचा म्हणून मी एकदा मैदानावर फक्कीने टेनिसचं कोर्ट आखलं. आपल्याकडे मुलं क्रिकेट आणि कबड्डीवाली. भात कापून झालं की शेतंच त्यांची मैदानं होतात. टेनिस त्यांनी फक्त टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहिलेलं. रॅकेटऐवजी लाकडी फळ्या घेऊन आम्ही तासभर खेळलो आणि मग सावलीत बसून मी त्यांना अँथनी वाइल्डिंगची गोष्ट सांगितली. शेवट ऐकून मुलं गप्प झाली. मग सातवीतल्या एका मुलीने विचारलं, की बाई, एवढा मोठा खेळाडू होता तर त्याला युद्धावर पाठवलं कोणी?

मला त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नाही. नंतर वाचन केलं. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे हाती आलं, ते आज तुमच्यासमोर मांडते. चला तर मग, सुरुवातीपासून पाहूया.

क्राइस्टचर्चचं घर

अँथनी फ्रेडरिक वाइल्डिंग यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८८३ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहराजवळ ओपावा इथे झाला. आई-वडील मूळचे इंग्लंडचे. लग्नानंतर ते नशीब काढायला न्यूझीलंडला आले होते. वडील फ्रेडरिक वाइल्डिंग वकील होते, पण अंगात खेळ भिनलेला. क्रिकेट, टेनिस, काही सोडलं नाही. आई ज्यूलिया उत्तम पियानो वाजवायच्या. धाकटी बहीण कोरा पुढे चित्रकार झाली आणि तरुणांसाठी स्वस्त निवासगृहांची चळवळ तिने न्यूझीलंडमध्ये रुजवली.

या घराच्या आवारातच टेनिसची कोर्टं होती, पोहायचा तलाव होता. म्हणजे मुलगा चालायला लागला तो खेळाच्या मैदानातच. इथे आपण मुलांशी प्रामाणिक राहायला हवं. वाइल्डिंग गरिबीतून वर आले नाहीत. त्यांना जे मिळालं ते आपल्या वर्गातल्या एकाही मुलाला मिळत नाही. जिद्द असेल तर काहीही जमतं, असं सांगून आपण ही गोष्ट झाकू नये. मुलांना ती दिसतेच. पण घरी कोर्ट असलेली मुलं त्या काळातही पुष्कळ होती, आणि ती सगळी काही विम्बल्डनचे विजेते झाली नाहीत. फरक कुठे पडला, ते पुढे येईल.

वयाच्या सतराव्या वर्षी, १९०१ मध्ये, अँथनीने कँटरबरी प्रांताची टेनिस स्पर्धा जिंकली. त्याच सुमारास तो कँटरबरीच्या संघाकडून प्रथम श्रेणीचं क्रिकेटही खेळला. सामने दोनच, पण एका वेळी दोन खेळांत मोठ्या पातळीवर उतरलेला मुलगा होता हा.

केंब्रिजला शिक्षण

१९०२ मध्ये तो कायदा शिकायला इंग्लंडला गेला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश मिळाला. न्यूझीलंडहून इंग्लंडला जायचं म्हणजे तेव्हा अनेक आठवड्यांचा बोटीचा प्रवास. घरून पत्र यायचं तेही तेवढ्याच दिवसांनी.

केंब्रिजला त्याने अभ्यासही केला आणि टेनिसही वाढवलं. शिक्षण पूर्ण केलं, इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झाला, १९०९ मध्ये न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलीची सनदही मिळवली. वडिलांच्या पेढीत बसला असता तर आयुष्य सुखात गेलं असतं. पण मन मैदानात होतं.

एक गोष्ट पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. त्या काळात टेनिसमध्ये बक्षिसाचे पैसे नव्हते. विम्बल्डन जिंकणाऱ्याला चषक आणि मान मिळायचा, धनादेश नाही. आज आपण मुलाला खेळात घालताना पहिला हिशेब नोकरीच्या राखीव जागांचा आणि वाढीव गुणांचा करतो. तसा हिशेब करण्यासारखं तेव्हा काही नव्हतंच. वाइल्डिंग खेळले ते खेळायला आवडायचं म्हणून, आणि तसं खेळणं घरच्या परिस्थितीमुळे त्यांना परवडलं म्हणून.

देवदत्त देणगी की रोजची मेहनत?

वाइल्डिंग यांचा जोडीदार आणि मित्र होता ऑस्ट्रेलियाचा नॉर्मन ब्रुक्स. डावखुरा, हातात जादू असलेला खेळाडू. नुसत्या कसबाच्या बाबतीत ब्रुक्स सरस मानला जायचा. वाइल्डिंग यांची ताकद वेगळी होती. तळरेषेवरून एकसारखे, जोरकस फटके मारत राहायचे, न दमता, न चिडता. सामना जितका लांबेल तितका समोरचा थकायचा आणि हे ताजे राहायचे.

हे आपोआप झालं नव्हतं. खेळाडूने शरीर राखलं पाहिजे ही गोष्ट आज शाळेतल्या मुलालाही माहीत आहे, पण तेव्हाचे अनेक नामवंत खेळाडू आदल्या रात्री मेजवानी झोडून मैदानात उतरायचे. वाइल्डिंग सिगारेट ओढत नसत, दारूपासून दूर राहत, वेळेवर झोपत. व्यायाम रोजचा. सामना असो वा नसो, धावणं, चालणं, दोरीवरच्या उड्या चालूच. दिसायला देखणे, वागायला साधे, हरल्यावर कुरकुर नाही. त्यामुळे त्यांचा खेळ पाहायला तुफान गर्दी व्हायची.

फरक पडला तो इथे. घरचं कोर्ट मिळणं हे नशीब. पण रोज उठून तेच काम नेमाने करणं, हे शेलूच्या मुलालाही जमण्यासारखं आहे.

१९०५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा मिळून एक संघ डेव्हिस करंडकासाठी उतरला. देशादेशांतली ही सांघिक स्पर्धा. त्या संघाचं नाव होतं ऑस्ट्रेलेशिया. १९०७ मध्ये ब्रुक्स आणि वाइल्डिंग या दोघांनीच हा करंडक इंग्लंडकडून जिंकला आणि तो पहिल्यांदा दक्षिण गोलार्धात गेला. त्याच वर्षी दोघांनी मिळून विम्बल्डनचं दुहेरीचं विजेतेपदही पटकावलं. मुलांना काळाचा अंदाज यावा म्हणून मी सांगते, की आपल्या नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली तेच हे वर्ष, १९०७. मुलांच्या डोक्यात साल पक्कं बसतं.

१९०८ आणि १९०९ मध्येही करंडक त्यांच्याकडेच राहिला. १९०६ आणि १९०९ मध्ये वाइल्डिंग यांनी आज आपण ऑस्ट्रेलियन ओपन म्हणतो ती स्पर्धाही एकेरीत जिंकली. त्यातली १९०६ ची स्पर्धा तर त्यांच्या स्वतःच्या गावी, क्राइस्टचर्चला झाली होती.

यंत्रांचं वेड

या माणसाचा दुसरा छंद म्हणजे गाड्या. मोटारसायकल नवीनच निघाली होती. रस्ते कच्चे, टायर सारखे फुटायचे, वाटेत गॅरेज नाही. अशा काळात १९०८ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या उत्तर टोकावरच्या जॉन ओ'ग्रोट्सपासून दक्षिण टोकाच्या लँड्स एंडपर्यंतच्या मोटारसायकल चाचणीत भाग घेऊन सुवर्णपदक मिळवलं. हे अंतर साधारण १४०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते दिल्ली एवढं! पुढे युरोपभर ते मोटारसायकलवर रॅकेटा बांधून स्पर्धांना जायचे. बिघडलं तर स्वतःच उघडून दुरुस्त करायचे. विमानातही त्यांनी भराऱ्या मारल्या. १९१२ मध्ये त्यांनी टेनिसविषयी आणि आपल्या भटकंतीविषयी एक पुस्तकही लिहिलं.

यंत्रांचा हा छंद लक्षात ठेवा. पुढे हाच छंद त्यांना आघाडीवर घेऊन गेला.

विम्बल्डनचा राजा

१९१० मध्ये वाइल्डिंग यांनी विम्बल्डनचं एकेरीचं विजेतेपद पहिल्यांदा जिंकलं. तेव्हाची पद्धत आपल्या गावच्या कुस्तीच्या फडासारखी होती. मागच्या वर्षीचा विजेता थांबून राहायचा, बाकीचे सगळे एकमेकांशी लढायचे आणि जो उरेल तो त्याला आव्हान द्यायचा. १९१० मध्ये वाइल्डिंग यांनी गतविजेत्या आर्थर गोअरला हरवलं. मग १९११, १९१२ आणि १९१३ अशी सलग तीन वर्षं आव्हानवीर आले आणि हरून गेले. एकूण चार वर्षं सलग विजेतेपद.

यातला १९१३ चा सामना सर्वांत गाजला. समोर होता अमेरिकेचा मॉरिस मॅक्लॉक्लिन. त्याची सर्व्हिस इतकी वेगवान, की समोरच्याला चेंडू दिसायच्या आत निघून जायचा. सगळ्यांना वाटलं, आता वाइल्डिंग यांचं संपलं. वाइल्डिंग त्या सामन्यासाठी कसून तयार होऊन उतरले. ती सर्व्हिस त्यांनी शांतपणे परतवली आणि सामना ८-६, ६-३, १०-८ असा सरळ तीन सेटमध्ये जिंकला. आकडे पाहिले तर कळतं, की पहिला आणि तिसरा सेट किती अटीतटीचा झाला असेल. त्या एका वर्षात विम्बल्डनचं गवत, पॅरिसची माती आणि बंदिस्त सभागृहातलं लाकूड अशा तिन्ही प्रकारच्या मैदानांवरच्या जागतिक स्पर्धा त्यांनी जिंकल्या. त्याआधी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांना कांस्यपदक मिळालं होतं.

१९१४ : शेवटचा उन्हाळा

जुलै १९१४. विम्बल्डनला या वेळी आव्हान घेऊन आला तो जुना मित्र ब्रुक्सच. त्याने वाइल्डिंग यांना सरळ सेटमध्ये हरवलं. पण त्याच स्पर्धेत दोघांनी जोडीने दुहेरीचं विजेतेपद जिंकलं. ज्याने हरवलं त्याच्याच खांद्याला खांदा लावून खेळायचं, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखं आहे. आपल्याकडे सामना हरला की आठवडाभर अबोला असतो!

तिथून दोघे डेव्हिस करंडकासाठी अमेरिकेला गेले. जुलैच्या अखेरीस पिट्सबर्ग शहरात त्यांची गाठ जर्मनीच्या संघाशी पडली. जर्मनीकडून खेळत होते ओटो फ्रॉइट्सहाइम आणि ऑस्कर क्रॉयझर. हे चौघे वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखणारे, एकाच मैदानांवर घाम गाळलेले. सामने सुरू असतानाच युरोपात महायुद्धाची ठिणगी पडली. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. ४ ऑगस्टला ब्रिटन जर्मनीविरुद्ध उतरलं, आणि ब्रिटनसोबत न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि आपला गुलामीतला हिंदुस्थानही.

विचार करा, परवापर्यंत जाळीच्या दोन बाजूंना उभे असलेले, सामना संपल्यावर हात मिळवणारे खेळाडू एका रात्रीत शत्रू झाले. त्यांच्यापैकी कोणी काहीच केलं नव्हतं.

सामने हरून दोन्ही जर्मन खेळाडू बोटीने मायदेशी निघाले. वाटेत ब्रिटिशांनी ती बोट अडवली आणि त्यांना जिब्राल्टरला ताब्यात घेतलं. युद्धाची वर्षं त्यांनी कैदेत काढली. वाइल्डिंग मात्र मोकळे होते. १३ ते १५ ऑगस्टदरम्यान न्यूयॉर्कला अंतिम लढत झाली. ऑस्ट्रेलेशियाने अमेरिकेला ३-२ असं हरवून करंडक पुन्हा जिंकला. वाइल्डिंग यांचं टेनिसमधलं हे शेवटचं मोठं यश.

त्याला पाठवलं कोणी?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. उत्तर असं आहे, की त्यांना कोणीच पाठवलं नाही. ब्रिटनमध्ये सक्तीची सैन्यभरती १९१६ मध्ये सुरू झाली. १९१४ मध्ये जाणारा प्रत्येक जण स्वतःहून जात होता. वाइल्डिंग तिशीचे होते, जगप्रसिद्ध होते, एका नामवंत अभिनेत्रीशी, मॅक्सीन एलियटशी, त्यांचं लग्न होईल असं लोक धरून चालले होते. घरी थांबले असते तरी कायदा त्यांना काही करू शकत नव्हता.

पण सगळीकडे वातावरण पेटलेलं होतं. मित्र भरती होत होते. जायलाच हवं, असं हवेतच होतं. नाताळपर्यंत सगळं आटोपेल, असंही अनेकांना वाटत होतं. ऑक्टोबर १९१४ मध्ये वाइल्डिंग रॉयल मरीन्समध्ये दाखल झाले. युरोपचे रस्ते मोटारसायकलवरून पालथे घातलेला आणि इंजिन उघडून जोडणारा माणूस सैन्याला हवाच होता. लवकरच त्यांना नौदलाच्या चिलखती गाड्यांच्या दलात घेतलं गेलं. पोलादी पत्रे ठोकलेल्या मोटारी, वर बंदुका, असं ते दल. काही महिन्यांत त्यांच्या हाताखाली माणसं, तोफा आणि गाड्यांची तुकडी आली. मे १९१५ च्या सुरुवातीला ते कॅप्टन झाले.

म्हणजे पाहा, त्यांना आघाडीवर नेलं ते त्यांच्याच गुणांनी. तंदुरुस्त शरीर, यंत्रांची जाण, न घाबरणारं मन. चांगले गुण माणसाला नेहमी सुरक्षित जागीच नेतात असं नाही, हेही मुलांना कधीतरी कळायला हवं.

९ मे १९१५

फ्रान्सच्या उत्तरेला नव-शापेल नावाचं छोटं गाव आहे. सपाट, पाणथळ शेतं. समोर ऑबर्स नावाची थोडी उंच कड, तीही जर्मनांच्या ताब्यात. ९ मे १९१५ च्या पहाटे ब्रिटिश सैन्याने तिच्यावर हल्ला केला. आधी दिलेला तोफांचा मारा अपुरा पडला. जर्मनांच्या मशीनगन शाबूत राहिल्या. उघड्या शेतातून निघालेली माणसं धान कापावं तशी पडली. एका दिवसात सुमारे ११,००० माणसं ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. जमीन जवळपास काहीच मिळाली नाही.

आदल्या दिवशी लिहिलेल्या पत्रात वाइल्डिंग यांनी कळवलं होतं, की या वेळचं काम असं आहे की तोफेसकट आपण सगळेच उडून जाऊ शकतो, पण जमलं तर पायदळाला मोठी मदत होईल. त्यांना धोका माहीत होता. दिवसभर लढाई चालू राहिली. दुपारी पावणेपाचच्या सुमारास ते जमिनीत खोदलेल्या एका आडोशात होते. त्या आडोशाच्या छतावर तोफेचा गोळा येऊन फुटला. वय वर्षं ३१.

डेव्हिस करंडक जिंकून पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. या शेवटात समोरासमोरची झुंज नव्हती की तलवार नव्हती. दूरवरून कोणीतरी डागलेला एक गोळा होता. तो डागणाऱ्याला आत कोण आहे हे माहीत नव्हतं. आत विम्बल्डनचा विजेता असो की कुठल्या गावचा साधा शेतकरी, त्या गोळ्याला सारखंच.

आणि ओटो फ्रॉइट्सहाइम? तो कैदेत होता म्हणून वाचला. युद्धानंतर पुन्हा टेनिस खेळला आणि १९६२ पर्यंत जगला. ज्याला पकडलं तो म्हातारा झाला आणि जो मोकळा होता तो गेला. मी हे सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, की मग वाइल्डिंगलाही कोणीतरी पकडून ठेवायला हवं होतं. मला त्याचं म्हणणं खोडता आलं नाही.

त्याच शेतात आपलीही माणसं होती

ही गोष्ट इथे संपवली तर अर्धीच राहील. ९ मे च्या त्या हल्ल्यात नव-शापेलच्या बाजूने पुढे गेलेल्या सैन्यात हिंदी कोअरची मीरत डिव्हिजन होती. म्हणजे वाइल्डिंग जिथे पडले त्या परिसरात त्याच दिवशी भारतीय जवानही पडत होते. वाइल्डिंग यांची कबर रिशबूर इथल्या लष्करी दफनभूमीत आहे. तिथून थोड्याच अंतरावर नव-शापेलचं भारतीय स्मारक आहे. मधोमध सुमारे १५ मीटर उंचीचा स्तंभ, त्यावर कमळ, पायाशी दगडी वाघ. ज्यांना स्वतःची कबरही मिळाली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं तिथल्या भिंतीवर कोरली आहेत. १९२७ मध्ये हे स्मारक खुलं झालं.

वाइल्डिंग ज्या महिन्यात भरती झाले त्याच ऑक्टोबर १९१४ मध्ये पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मुंबई बंदरातून इराकच्या, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियाच्या, दिशेने निघू लागली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. पुण्याहून रेल्वेने मुंबईला यायचं तर वाट एकच, घाट उतरून कर्जत, नेरळ, शेलू. आपली मुलं रोज ज्या रुळांकडे पाहतात तेच रूळ! त्या डिव्हिजनमधली हजारो माणसं एप्रिल १९१६ मध्ये कूत इथे तुर्कांच्या कैदेत सापडली आणि त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत.

त्या शिपायांचा पगार होता महिन्याला ११ रुपये. कागदोपत्री तेही स्वखुशीने गेलेले. पण ज्याच्या घरी शेती पुरत नाही त्याची स्वखुशी आणि क्राइस्टचर्चच्या वकिलाच्या मुलाची स्वखुशी एक नसते. त्यातही कोणी कुस्ती मारणारा असेल, कोणी गावचा उत्तम पोहणारा असेल. त्यांच्यावर पुस्तक लिहिलं गेलं नाही. वाइल्डिंग यांचं आयुष्य आपल्याला इतकं बारकाईने कळतं, कारण ते प्रसिद्ध होते. भिंतीवरच्या प्रत्येक नावामागे असंच एक पूर्ण आयुष्य होतं, एवढं जरी मुलांना उमगलं तरी पाठ सार्थकी लागला असं मी म्हणेन.

आपल्या रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचं नाव मुलांनी ऐकलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी इटलीत ते धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय अवघं २२. त्यांचं पदक आपण सांगतो. त्यांचं बावीस वर्षांचं जगणं मात्र आपण कधी विचारत नाही.

वर्गात हा पाठ कसा घ्याल?

शिक्षकांसाठी मी केलेले काही उपक्रम सांगते. पालकांनाही घरी करता येतील.

१. मैदानावर फक्कीने टेनिसचं एकेरीचं कोर्ट आखा. लांबी २३.७७ मीटर, रुंदी ८.२३ मीटर. जाळीच्या जागी साडी किंवा दोरी बांधा, मध्यभागी उंची साधारण ९१ सेंटिमीटर. क्षेत्रफळाचा गणिताचा तासही यात उरकतो.

२. फळ्यावर एक कालरेषा काढा. १८८३ पासून १९१५ पर्यंत. वरच्या बाजूला वाइल्डिंग यांच्या आयुष्यातल्या घटना, खालच्या बाजूला आपल्याकडच्या घटना. १९०७ ला माथेरानची गाडी नक्की लिहा.

३. जगाच्या नकाशावर क्राइस्टचर्च, केंब्रिज, पिट्सबर्ग, न्यूयॉर्क आणि नव-शापेल दाखवा. मग मुंबई आणि कूत दाखवा. एका युद्धात किती ठिकाणची माणसं ओढली गेली ते मुलांना बोटाने दिसू द्या.

४. मुलांना घरी विचारून यायला सांगा, की आपल्या घरातलं किंवा गावातलं कोणी सैन्यात होतं का. फक्त हुद्दा आणि पदक लिहून आणू नका म्हणावं. त्यांना काय आवडायचं, काय छान जमायचं, हेही आणा. आजी-आजोबांकडून फार सुंदर गोष्टी येतात.

५. मोठ्या मुलांना एक प्रश्न द्या. वाइल्डिंग गेले ते बरोबर केलं का? हो किंवा नाही असं उत्तर मागू नका. दोन्ही बाजू लिहू द्या. माझ्या वर्गात काहींनी लिहिलं की देशासाठी जायलाच हवं. काहींनी लिहिलं की त्यांनी खेळत राहायला हवं होतं. दोघांनाही पूर्ण गुण द्या.

राहता राहिला एक शब्द, वीरमरण. तो शब्द वापरू नका असं मी म्हणत नाही. पण तो शेवटी वापरा. आधी सांगा की एक मुलगा होता, त्याच्या घरी टेनिसचं कोर्ट होतं, तो रोज वेळेवर झोपायचा, मोटारसायकलवर रॅकेटा बांधून गावोगाव फिरायचा, मित्राकडून हरला तरी त्याच मित्राबरोबर पुन्हा जिंकला. हे सगळं ऐकलं की मग मुलांना कळतं की ९ मे १९१५ ला दुपारी पावणेपाचला नक्की काय गेलं.

९ मे ला आपल्याला सुट्टी असते आणि ३१ ऑक्टोबर बहुधा दिवाळीच्या सुट्टीत येतो. त्यामुळे दिनविशेषाची वाट पाहू नका. पाऊस थांबून मैदान वाळलं, की एखाद्या दिवशी फक्की घ्या, कोर्ट आखा आणि खेळून झाल्यावर सावलीत बसून ही गोष्ट सांगा. मुलं प्रश्न विचारतील. उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि दुसऱ्या दिवशी वाचून या. मीही तेच केलं.